विडा खाणारी बाई

बाईचा आवाज गेला तेव्हा माइक चालू होता. अकोल्याकडच्या मालेगावच्या बाजाराच्या मैदानात दोन गायन पार्ट्यांचा मुकाबला होता. लाइटीचा भरवसा नव्हता म्हणून कार्यक्रम दिवसा ठेवलेला, भोंगे बॅटरीवर. बाईने तिचं सगळ्यांत जास्त चालणारं गाणं धरलं. त्या गाण्याची रीत अशी, की पहिली ओळ बाईने म्हणायची, दुसरी अर्धी म्हणून हात वर करायचा, आणि शेवटचे दोन शब्द लोकांनी ओरडायचे. बाईने म्हटलं, “दगडाचा शेंदूर धुतला वं माय.” दुसऱ्या ओळीला “डोक्यातल्या” एवढं आलं आणि पुढे भोंग्यातून नुसता वारा. फाटक्या भात्याचा असतो तसा. हात मात्र सवयीने वर गेला. लोकांना वाटलं आपली पाळी आली. ते ओरडले, “करता काय!” आणि हसले.

बाईने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा वारा.

मी तिच्या मागे टाळ घेऊन उभी होते. ती वळून माझ्याकडे बघायला लागली. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या, ओठ पानाने लाल. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “शेंदूर! इड्यात शेंदूर देल्ला बाईले!”

आमच्याकडे गाणाऱ्या माणसांत ही भीती जुनी आहे. गाणाऱ्याला शेंदूर खाऊ घातला की त्याचा आवाज जातो, तो परत येत नाही. आणि खाऊ घालणारा असतो समोरच्या पार्टीचा. बाईने गाणी सुरू होण्याआधी सगळ्यांच्या देखत विडा खाल्ला होता, तो समोरच्या पार्टीच्या बुलबुलच्या हातून. लोकांना एवढं पुरलं. ढोलकीवर माझा नवरा सदा होता, बाईचा धाकटा भाऊ. त्याने मांडीवरची ढोलकी ढकलली, मांडवाचा एक दांडा उपसला आणि खाली उडी मारली. त्याच्याआधीच लोकांनी बुलबुलचा पाय धरून त्याला स्टेजखाली ओढलं होतं. तो ओरडत होता, “म्या काई नाई केलं! बाईले इचारा! बाईले इचारा ना!”

बाईलाच विचारायचं होतं, आणि बाईला बोलता येत नव्हतं.

पुढचं सांगण्याआधी ती कोण होती ते सांगते. नाहीतर तिने पुढे केलं ते कळायचं नाही.

बाई म्हणजे माझी मोठी नणंद. नाव गयाबाई, पण ते फक्त रेशनच्या दुकानात चालायचं. घरात आणि बाहेर सगळे तिला बाईच म्हणत. तिचं लग्न इंझोरीला करून दिलं होतं. तिथून ती अंगावरच्या लुगड्यानिशी परत आली. का आली असं कोणी विचारलं की सांगायची, “त्यानं म्हटलं, घर पाहिजे का गाणं पाहिजे ते सांग. म्या म्हटलं, घर तर तुहं हाय बावा. माहं तर गाणंच हाय.” हे ती हसून सांगायची. त्यात रडण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं, आणि मलाही वाटलं नाही. नवऱ्याने दुसरी केली, तिला लेकरं झाली, त्यांच्या बारशाला बाई जाऊन गाऊनही आली.

मी लग्न होऊन आले तेव्हा ऐकून होते की घरात परतून आलेली नणंद आहे. म्हणजे आता चुलीपासून शेणापर्यंत आपली परीक्षा होणार. बाईने पहिल्या दिवशी मला भाकरी येते का विचारलं नाही. तिने विचारलं, “सूर लावता येते का वं?” मी चौथीपर्यंत शाळेत प्रार्थना म्हटलेली. तीच म्हणून दाखवली. बाई ऐकत राहिली. मग सदाला म्हणाली, “इचा आवाज पत्र्याचा हाय. पण ताल चुकत नाई. मांगं उभी करू.” माझी सासू म्हणाली, “नव्या नवरीले कायले स्टेजवर उभी करतं?” बाई म्हणाली, “घरात तरी कुठं बसून राहणार हाय ते?” अशी मी मागे उभी राहिले ती पार्टी मोडेपर्यंत. पुढे कधी आले नाही. पत्र्याला पुढे कोण घेतं.

बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. चाली ती टॉकीजवरून आणायची. मेडशीला बाजारात कधी कधी तंबूचं टॉकीज यायचं. बाई आत जायची नाही. तंबूच्या मागच्या बाजूला, जिथे कनातीला ठिगळ असायचं, तिथे उभी राहायची. एकदा तिकीटवाला आला. “बाई, फुकटात पाहून राह्यल्या का?” बाई म्हणाली, “डोळे बंद हायेत माहे. पाह्य, जवळ येऊन पाह्य.” तो म्हणाला, “मंग कायले उभ्या हा?” बाई म्हणाली, “कान बाहेरच ठेवले हायेत. कानाचं तिकीट असन तर सांग.” तो वैतागून गेला. गाणं संपलं की बाई निघायची. मेडशीपासून गाव पायी. त्या वाटेवर तिच्याशी कोणी बोलायचं नाही. भरलेला हंडा डोक्यावर असल्यासारखी मान ताठ ठेवून चालायची. मी एकदा वाटेत विचारलं, “बाई, घरी मीठ हाय का?” तर तिने अख्खा रस्ता शिव्या दिल्या. चाल सांडली म्हणाली. सकाळपर्यंत त्या चालीवर तिचे स्वतःचे शब्द बसलेले असायचे. सिनेमात ती चाल कोणा बागेतल्या पोरीची असायची. बाईच्या तोंडी आली की ती दारूवर, हुंड्यावर, शाळेत न जाणाऱ्या पोट्ट्यांवर, नाहीतर गावच्या सरपंचावर असायची.

गाणं तयार झालं की आधी वावरात जायचं. कपाशीत निंदायला बायका रांगेने बसलेल्या असत. बाई कामाला हात लावून गाणं सुरू करायची आणि बायकांच्या तोंडाकडे बघायची नाही, हाताकडे बघायची. विळे चालतच राहिले तर घरी येऊन म्हणायची, “नाई चालत. सोडून द्याचं हे.” विळे थांबले तर गाणं स्टेजवर जायचं. आमचा वावरवाला यामुळे हैराण होता. एकदा बांधावरून ओरडला, “बाई, तुह्या गाण्यापाई माहं तण वाढून राह्यलं! उद्यापासून येऊ नको.” बाई म्हणाली, “येत नाई. पण मंग ह्या बी येत नाईत.” रांगेतल्या बायका विळे खाली ठेवून त्याच्याकडे बघायला लागल्या. तो म्हणाला, “बरं बाप्पा, दुपारच्या भाकरीनंतर म्हणत जा.” मग भाकरीनंतर तो स्वतः बांधावर येऊन बसायचा.

कार्यक्रमाला आम्ही एसटीने जायचो. पेटी टपावर, ढोलकी सदाच्या मांडीवर, बाई खिडकीला. कार्यक्रमाचं तिचं पांढरं लुगडं वेगळं होतं, आणि मनगटावर एक पुरुषी घड्याळ. ते चालत नव्हतं. कोणत्याशा गावात बक्षीस मिळालं होतं, तेव्हाही चालत नव्हतं. कंडक्टर मुद्दाम विचारायचा, “बाई, किती वाजले?” बाई ऐटीत मनगट डोळ्यांजवळ न्यायची, मग खिडकीतून सूर्य बघायची आणि सांगायची. बहुतेक बरोबर असायचं. मी एकदा म्हटलं, “बाई, बंद घड्याळ कायले घालता?” ती म्हणाली, “हात वर केला का मांगच्या माणसाले चमकलं पाहिजे. त्याले कुठं वेळ पाहाची हाय?”

त्या काळी बाईचं नाव मोठं होतं. जयंतीच्या महिन्यात आमच्याकडे माणसं येऊन ओट्यावर बसून राहायची, बाई कोणत्या गावाला हो म्हणते ते बघत. पार मंगरुळापासून बैलगाड्या यायच्या. विहिरीवर बायका तिची गाणी म्हणत. लग्नात नवरदेव बाजूला राहायचा आणि सगळे बाईभोवती. पण ती गोड बाई नव्हती, हे मी सांगते. तोंड तिखट होतं. मागच्या एकीने सूर सोडला तर माइकवरच म्हणायची, “झोपली का वं मांगं?” आणि लोक हसायचे. मिश्री लावायची तर दिवसातून कितीदा, त्याचा हिशेब नव्हता. पोरीबाळींचं कौतुक तिला करता यायचं नाही. पण एखाद्या गावात कोणा सुनेला मारतात असं कानावर आलं, तर कार्यक्रमात त्या घराचं नाव न घेता ते घर सगळ्यांना कळेल असं गाणं म्हणायची. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसून निघून जायचो. त्या घराला गावातच राहायचं असायचं.

आता शेंदराचं सांगते. आमच्या समाजाने दीक्षा घेतली तेव्हा घरोघरचे देव काढले. माझ्या सासूने शेंदूर फासलेले दगड टोपल्यात भरले आणि नदीत टाकले. टाकताना रडली, पण टाकले. बाई तेव्हा जवान होती. तिनेच टोपलं उचलायला हात दिला होता. तिच्या त्या गाण्यातला शेंदूर हा: दगडाचा तर धुतला, डोक्यातल्या शेंदराचं करता काय. पण देव गेले तरी सासूची एक भीती राहिली. बाई कार्यक्रमाला निघाली की दारात आडवी यायची. “तिकडचा इडा खाऊ नको वं. शेंदूर घालतात.” बाई म्हणायची, “माय, आपण देव फेकले अन भेव ठेवलं का?”

मुकाबल्याची रीतच होती की सुरू होण्याआधी दोन्ही पार्टीच्या मुख्य गाणाऱ्यांनी एकमेकांना विडा द्यायचा. तो घेतला नाही तर समोरच्याचा अपमान. बहुतेक जण घ्यायचे आणि खिशात टाकायचे, भीतीने. बाई खायची. पुढे येऊन, लोकांना दिसेल असा चावून खायची, मग लाल जीभ बाहेर काढून चारी बाजूंना दाखवायची. लोक टाळ्या वाजवायचे. तिथून कार्यक्रमाला रंग चढायचा. कितीतरी लोक तर म्हणे तेवढ्यासाठीच लवकर येऊन बसायचे.

बुलबुलशी तिचे बरेच मुकाबले झाले. तो मंगरुळकडचा. शिट्टी फार सुंदर वाजवायचा म्हणून बुलबुल. केसांना तेल, अंगात चकाकणारा सदरा, बेंजो स्वतः वाजवायचा. स्टेजवर दोघं एकमेकांची सालटी काढत. तो म्हणायचा, “बाईच्या गळ्याले आता गंज चढला, लोकहो!” बाई म्हणायची, “गंज चढाले लोखंड लागते. तुह्या गळ्यात नुसता डालड्याचा डबा हाय.” कार्यक्रम संपला की दोघं एका चुलीवरचा चहा पीत बसायचे आणि तो विचारायचा, “बाई, ते तिसरी ओळ कशी बसवली? मले सांगा ना.” बाई सांगायची नाही. “चोर हाय तू,” म्हणायची. तोही टॉकीजच्या मागेच उभा राहायचा, हे तिला माहीत होतं.

मग दुष्काळ पडला. विहिरींना पाणी नाही तर वावरात काम नाही आणि कार्यक्रमालाही कोणी बोलावणार नाही. आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. बाईही गेली. पांढरं लुगडं ट्रंकेत आणि हातात हातोडी. तिथे तिने जेवढं गायलं तेवढं स्टेजवर कधी गायलं नसेल. माइक नाही, शेकडो माणसांच्या हातोड्यांचा आवाज, त्याच्यावरून गाणं जायला पाहिजे. ती ओरडून गायची. लोक म्हणत, बाई आहे म्हणून दिवस जातो. दगडाची भुकटी हवेत तरंगत राहायची. डोक्याला पदर बांधला तरी नाकातोंडात जायची. आम्ही तोंड बांधून घ्यायचो. बाई कशी बांधणार? गाणार कुठून?

पाऊस आला, कामं संपली, कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. पण बाई पहिली राहिली नव्हती. सकाळी उठली की खाकरत बसायची. पेटीवाल्याला हळूच सांगायची, “एक सूर खाली घे.” पुढच्या वर्षी आणखी एक. लोकांना कळलं नाही. मागे उभं राहणाऱ्याला कळतं, कारण त्याला आपला सूर खाली आणावा लागतो. मी म्हटलं, “बाई, अकोल्याले डॉक्टरले दाखवा.” ती म्हणाली, “दाखवलं तर तो म्हणीन, गाऊ नका. मंग मी काय करू? भाकरी थापू? भाकरी तुह्याच बऱ्या हायेत.” सदाला सांगू नको म्हणाली. मीही सांगितलं नाही. गळा तिचा होता.

आता मालेगावचं. त्या दिवशीही सासू दारात आडवी आली. बाईने तिला बाजूला केलं. त्या दिवशीही बुलबुलने विडा दिला, बाईने खाल्ला, जीभ दाखवली, टाळ्या झाल्या. पहिलं गाणं झालं. दुसरं ते शेंदराचं धरलं आणि आवाज गेला. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं तिच्याबरोबर ते गाणं ओरडलं होतं, तेच आता “शेंदूर, शेंदूर” ओरडत बुलबुलवर तुटून पडले. त्याच्या पार्टीची माणसं पळाली. कोणीतरी त्याचा बेंजो दगडावर आपटला. तो खाली पालथा पडलेला, हातांनी डोकं झाकलेलं, आणि त्या हातांवर लोक पाय देत होते. पोलीस होते, पण ते बाजाराच्या त्या टोकाला.

बाई स्टेजवरून उतरली नाही, पडली म्हटलं तरी चालेल. जाड अंगाची होती. तशीच माणसं ढकलत आत घुसली आणि बुलबुलच्या अंगावर आडवी झाली. वरून दांडा आला तो तिच्या पाठीवर बसला. दांडा सदाचा होता. त्याने खाली बघितलं तर पांढरं लुगडं. तो तसाच दांडा धरून उभा राहिला.

“बाई, तू बाजूले हो. यानं तुहा गळा खाल्ला!”

बाई उठली. काही बोलता येत नव्हतं, म्हणून तिने सदाचा कान धरला. एवढा ढोलकीवाला गडी, मिशा असलेला, दोन लेकरांचा बाप, त्याचा कान धरून तिने त्याला स्टेजवर चढवला. लोक बघायला लागले. बुलबुलचा पानाचा डबा तिथे उपडा पडला होता, विडे सांडले होते. बाईने एक उचलला आणि स्वतः खाल्ला. जीभ काढून दाखवली, नेहमीसारखी. खालून बायका रडायला लागल्या, “नको वं बाई, मरशीन!” तिच्या एकटीच्या खाण्याने लोकांची खात्री पटेना. मग तिने दुसरा उचलला आणि सदाच्या तोंडात कोंबला.

सदा आईच्या धाकात वाढलेला. त्याने जन्मात परक्या पार्टीचा विडा खाल्ला नव्हता. तो थुंकायला गेला, बाईने त्याच्या तोंडावर हात दाबला. एक हात तोंडावर, एक हात कानावर. त्याचे डोळे पांढरे झाले. अख्खं मैदान बघत होतं. शेवटी त्याने चावलं आणि गिळलं. बाईने त्याला माइकपाशी ढकललं आणि हाताने खूण केली, बोल.

सदा उभाच. बाईने पाठीत धपाटा घातला. तो कळवळून ओरडला, “अवं मारतं काहून? मले काई नाई झालं!”

भोंगे चालू होते. त्याचा आवाज चारी बाजूंना गेला, खणखणीत. मैदानात कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं हसलं. मागून कोणी ओरडलं, “सद्याचा आवाज तर उलटा वाढला बे!” आणि मग सगळे हसले. हा काही पुरावा नव्हता. शेंदूर एका विड्यात असतो आणि दुसऱ्यात नसतो. पण हसलेल्या माणसाला पुन्हा मारायला सुरुवात करायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी आणि पेटीवाल्याने बुलबुलला उचलून आयोजकांच्या जीपमध्ये घातलं. पोलीस आले तेव्हा मैदानात आपापल्या चपला शोधणारी माणसं राहिली होती.

बुलबुलच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती आणि बरगडीला मार होता. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात त्याला ठेवलं. त्याच दवाखान्यात बाईला शेवटी डॉक्टरने बघितलं. त्याने तिच्या घशात आरसा घालून पाहिलं आणि विचारलं, “हे किती दिवसांपासून आहे?” बाईने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, खडी फोडली तेव्हापासून. डॉक्टर म्हणाला, घशात गाठी आहेत, काढू, पण गाणं विसरा. सदा बाहेर बाकावर बसला होता. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो उठून बुलबुलच्या खाटेपाशी गेला आणि उभा राहिला. बुलबुल म्हणाला, “बस ना बे. उभं राहून काय दांडा शोधतं?” सदा बसला. माफी मागितली की नाही ते मला माहीत नाही. त्या दिवसापासून बुलबुलचा डबा मात्र सदाच घेऊन जायचा.

गाठी काढल्या. बाई जगली, पण कुजबुजण्याएवढाच आवाज राहिला. जवळ कान नेला तरच कळायचं. आमची पार्टी मोडली. बाई निंदायला जायची, गप्प बसून निंदायची, आणि वावरवाला बांधावर येईना. मला वाटलं, आता ही फार दिवस काढणार नाही. एके दिवशी सकाळी तिने पांढरं लुगडं नेसलं, बंद घड्याळ घातलं आणि मला म्हणाली, “चाल, बुलबुलकडे जाचं हाय.” मी म्हटलं, “कायले?” ती म्हणाली, “त्याले गाणे देतो. माह्याजवळ ठेवून काय करू? सडतात.”

अडचण अशी होती की तिची गाणी कागदावर नव्हती, डोक्यात होती, आणि डोक्यातून बाहेर यायला तोंड नव्हतं. म्हणून मला गावं लागलं. बुलबुलच्या ओसरीवर बाई माझ्या कानाशी तोंड नेऊन ओळ सांगायची, मी ती पत्र्याच्या आवाजात म्हणायची, आणि बाई मांडीवर ताल धरायची. चुकलं की मांडीवरचा हात माझ्या पाठीवर. बुलबुल मोडका हात छातीशी धरून ऐकत बसायचा. एकदा म्हणाला, “वहिनी, तुमी गाऊन राह्यल्या का भांडून राह्यल्या?” बाई हसली. आवाज न होता हसायची ती तेव्हा, फक्त पोट हलायचं. मी त्याला म्हटलं, “शिकाचं असन तर शीक, नाईतर माह्या घरी धुणं पडलं हाय.” असे कितीतरी आठवडे एसटीने जात-येत राहिलो. ती तिसरी ओळ कशी बसवली तेही बाईने त्याला सांगितलं.

बुलबुलला बेंजो पुन्हा वाजवता आला नाही, बोटं वाकडी बसली. पण गळा धड होता. तो बाईची गाणी गायला लागला. प्रत्येक गाण्याआधी माइकवर सांगायचा, “हे बाईचं हाय. आपलं नाई.” ढोलकीवर त्याने सदाला घेतलं. अट एकच होती. गाणी सुरू होण्याआधी बुलबुल सदाला विडा द्यायचा, आणि सदाने तो लोकांसमोर खाऊन जीभ दाखवायची. सदा दर वेळी तोंड वाकडं करायचा, आणि दर वेळी खायचा. बाई पुढच्या रांगेत बसलेली असायची. शेंदराच्या गाण्यात दुसरी ओळ अर्धी झाली की तीच हात वर करायची, मनगटावर घड्याळ चमकायचं, आणि लोक ओरडायचे.

काही वर्षांनी गाठ पुन्हा आली. या वेळी डॉक्टरने काढायचं नावच घेतलं नाही. बाई घरीच वारली, सकाळी, मी चूल पेटवत होते तेव्हा. शेवटी कुजबुजण्याएवढाही आवाज राहिला नव्हता. मला रडायला वेळ झाला नाही. एवढी माणसं आली की दिवसभर चहाच करत राहिले. बुलबुल आला, ओट्यावर बसला. कोणीतरी त्याला म्हटलं, गाणं म्हणा. तो म्हणाला, “आज नाई.” मला ते आवडलं. घड्याळ मी तिच्या मनगटावर राहू दिलं.

मग सासू गेली. सदा गेला. पेटीवाला गेला. मालेगावला बाजाराचं मैदान आहे, तिथे आता दुकानं झाली आहेत. आता बायका निंदताना कानात वायर घालून गाणी ऐकतात. ऐकू द्या, हात थांबत नाहीत एवढंच.

ज्या माणसाला त्या दिवशी लोक मारून टाकणार होते, तो बुलबुल अजून आहे. मंगरुळकडे नातवाजवळ राहतो, बोटं वाकडीच आहेत. त्या स्टेजवर जेवढे होतो त्यांतला तो राहिला आणि मी राहिले.